मसल कार घ्या, पण चालवायला

गेली काही वर्षं मराठी मंडळींकडून मला एक प्रश्न वारंवार येतो. विचारणारे बहुतेक जण डेट्रॉइटच्या आसपासचे, ट्रॉय, नोवाय, फार्मिंग्टन हिल्स, कॅन्टन अशा गावांतले, आणि बरेचसे गाड्यांच्याच धंद्यात नोकरी करणारे. मुलं कॉलेजला गेलेली असतात, गॅरेजमधली एक जागा मोकळी झालेली असते आणि इतकी वर्षं दाबून ठेवलेली इच्छा वर येते. एखादी जुनी मसल कार घ्यावी का? कुठली घ्यावी, बघताना काय बघावं, फसगत कशी टाळावी?

माझं उत्तर एकच असतं. जरूर घ्या, पण चालवायला घ्या. भाव वाढेल म्हणून कव्हरखाली जपून ठेवायची गाडी वेगळी, प्रदर्शनात बोनेट उघडून उभी करायची वेगळी आणि रविवारी सकाळी किल्ली उचलून बाहेर काढायची वेगळी. या गाड्यांचा खरा आनंद स्टेअरिंगमागे बसल्यावर मिळतो. हे एकदा मनाशी पक्कं केलं की कुठलं मॉडेल घ्यायचं, किती पैसे घालायचे, आधी काय दुरुस्त करायचं, हे सगळं बरंच सोपं होतं.

आधी थोडा इतिहास सांगतो, कारण खरेदी करताना तो उपयोगी पडतो. मसल कार म्हणजे मुळात साधी, मध्यम आकाराची घरगुती गाडी आणि तिच्यात मोठ्या गाडीचं व्ही-एट इंजिन. सुरुवात साधारणपणे १९६४च्या पॉन्टिॲक जीटीओपासून मानतात. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० क्युबिक इंचांहून मोठं इंजिन घालायचं नाही, असा तेव्हा जनरल मोटर्सचा अंतर्गत नियम होता. पॉन्टिॲकचे मुख्य अभियंता जॉन डीलोरियन आणि त्यांचे सहकारी बिल कॉलिन्स व रस गी यांनी मोठ्या पॉन्टिॲकचं ३८९ क्युबिक इंचांचं इंजिन लहान टेम्पेस्टमध्ये बसवलं. नियम नव्या मॉडेलला लागू होता, म्हणून जीटीओ हे वेगळं मॉडेल न करता टेम्पेस्ट लमाँवर घेता येणारं एक जादा पॅकेज म्हणून विकलं. पहिल्याच वर्षी अशा ३२,४५० गाड्या गेल्या. मग सगळेच मैदानात उतरले. शेव्हेल एसएस, ओल्ड्समोबील ४-४-२, ब्युइक जीएस, डॉज चार्जर. आणि १९६८ची प्लिमथ रोड रनर, जिचं नाव वापरण्यासाठी प्लिमथने कार्टूनवाल्या वॉर्नर ब्रदर्सला ५०,००० डॉलर मोजले. मस्टँग, कमारो आणि फायरबर्ड यांना जाणकार ‘पोनी कार’ म्हणतात, पण मोठ्या इंजिनासह आल्या की त्याही याच पंगतीत बसतात.

१९७० साली शेव्हेलमध्ये ४५४ क्युबिक इंचांचं एलएस-सिक्स इंजिन आलं, कागदावर ४५० हॉर्सपॉवरचं. तो कळस होता. विमा कंपन्यांनी तरुण चालकांचे हप्ते परवडणार नाहीत इतके चढवले, त्याच वर्षी हवा प्रदूषणाचा कडक कायदा आला, १९७१पासून जनरल मोटर्सने इंजिनांचं कॉम्प्रेशन उतरवलं आणि ऑक्टोबर १९७३च्या तेलबंदीनंतर उरलंसुरलंही संपलं.

यात खरेदीदाराच्या कामाच्या दोन गोष्टी आहेत. एक, १९७१पर्यंतचे हॉर्सपॉवरचे आकडे इंजिन स्टँडवर, एअर क्लीनर आणि गाडीचा सायलेन्सर न जोडता मोजलेले असत. १९७२पासून ते सगळं जोडून मोजायला लागले. त्यामुळे १९७२ची गाडी कागदावर एकदम लुळी दिसते. त्यातली बरीचशी घट मोजण्याच्या पद्धतीतली आहे. दुसरी, कमी कॉम्प्रेशनच्या या गाड्या आजच्या पेट्रोलवर विनातक्रार चालतात. उलट १९६७च्या जीटीओचं ४०० क्युबिक इंचांचं इंजिन १०.७५ कॉम्प्रेशनचं आहे. त्याला पंपावरचं सगळ्यात महाग पेट्रोल लागतं आणि तरीही चढावर ते कधीकधी खडखडतं, मग टायमिंग मागे घ्यावं लागतं. चालवायलाच गाडी घेणार असाल तर १९७१-७२च्या गाड्यांकडे नाक मुरडू नका. त्या स्वस्तही मिळतात.

माझी स्वतःची गाडी १९६७ची पॉन्टिॲक लमाँ आहे. जीटीओ नाही. चॅसी तीच, पत्रा जवळपास तोच, आत बसल्यावर समोर दिसणारं लांबलचक बोनेट तसंच. इंजिन ३२६ क्युबिक इंचांचं, म्हणजे ५.३ लिटरचं, २५० हॉर्सपॉवरचं. आपल्यापैकी ज्यांनी प्रीमियर पद्मिनीवर गाडी शिकली त्यांनी जरा आठवून बघावं, तिचं इंजिन १,०८९ सीसीचं होतं. शहरात, दुपदरी रस्त्यावर, ताशी पन्नास-साठ मैलांपर्यंत ही लमाँ जो आनंद देते तो जीटीओच्या आनंदापेक्षा रतीभरही कमी नाही, आणि किंमत मात्र बरीच कमी. म्हणून माझा आग्रह असतो की बिल्ला असलेल्या गाडीऐवजी तिची साधी बहीण बघा: शेव्हेल एसएसऐवजी मालिबू, ४-४-२ऐवजी कटलस, रोड रनरऐवजी सॅटेलाइट, ब्युइक जीएसऐवजी स्कायलार्क. दुर्मीळ गाडी घेतली की प्रत्येक मैलागणिक तिची किंमत उतरते अशी भीती मनात बसते आणि माणूस ती बाहेर काढेनासा होतो.

सुट्या भागांचाही विचार करा. मस्टँग, कमारो आणि शेव्हेल यांचा जवळजवळ प्रत्येक भाग आजही नवा बनतो, फेंडरपासून दाराच्या रबरापर्यंत. पॉन्टिॲकचे बरेच मिळतात. ओल्ड्समोबील, ब्युइक किंवा मर्क्युरी घेणार असाल तर इंजिनाची काळजी करू नका, पण क्रोमच्या पट्ट्या, दिव्यांच्या काचा आणि आतली सजावट पूर्ण आहे ना ते बघा. एखादी पट्टी शोधण्यात वर्ष जातं.

साध्या गाड्यांची एक बाजू मात्र सांभाळायला हवी. लमाँवर जीटीओचं बोनेट आणि बिल्ले बसवून ती जीटीओ म्हणून खपवणं फार सोपं आहे. तशी बनवलेली गाडी वाईट नसते. विकणाऱ्याने ते उघड सांगितलं आणि किंमत त्याप्रमाणे लावली तर खुशाल घ्या. पण खात्री कागदाने करा. १९६६ ते १९७१च्या पॉन्टिॲकच्या चॅसी नंबरची सुरुवात २४२ अशी असेल तर ती कारखान्यातून जीटीओ म्हणून निघालेली, २३७ असेल तर लमाँ. १९६४-६५च्या नंबरावरून काही कळत नाही, कारण तेव्हा जीटीओ नुसतं पॅकेज होतं. तिथे पीएचएस या संस्थेकडून त्या गाडीचे कारखान्याचे मूळ कागद मागवावे लागतात. पॉन्टिॲकसाठी ते कागद मागवल्याशिवाय मोठी रक्कम देऊ नका. १९६७पासूनच्या फोर्डसाठी असाच मार्टी रिपोर्ट मिळतो. डॉज-प्लिमथच्या इंजिनखोलीत फेंडरवर एक छोटी कोरलेली पट्टी असते, तिच्यावरचे कोड वाचता येतात. शेव्रोलेची पंचाईत आहे: अमेरिकेत विकल्या गेलेल्या शेव्हेलचे असे कारखान्याचे कागद मागवायची सोय नाही, त्यामुळे मूळ बिल्डशीट हाती नसेल तर ‘अस्सल एसएस’ या दाव्याचे जादा पैसे मोजू नका.

आणि हे सगळं सोडून आधी एक साधी गोष्ट करा. टायटलवरचा चॅसी नंबर आणि गाडीवरच्या पट्टीवरचा नंबर एकेक अक्षर जुळवा. १९६७पर्यंतच्या जनरल मोटर्सच्या गाड्यांत ही पट्टी चालकाच्या दाराच्या खांबावर असते, १९६८पासून डॅशबोर्डवर, बाहेरून काचेतून दिसेल अशी. १९८१च्या आधी सतरा अक्षरांचा नियम नव्हता, त्यामुळे नंबर आखूड दिसला म्हणून घाबरू नका. पण एक आकडा जरी इकडचा तिकडे असेल तर गाडी कितीही आवडो, तिथून निघा.

आता पत्रा. इंजिन बिघडलं तर उतरवून बांधता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो, सीट नव्या शिवून मिळतात. गंजलेल्या पत्र्याचं काम मात्र खिसा रिकामा करतं, कारण तिथे मजुरीच मजुरी असते आणि इथल्या चांगल्या गॅरेजात तासाला शंभर डॉलरच्या वर पडतात. आमच्या मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते या गाड्यांच्या मुळावर उठतं. म्हणून ॲरिझोना किंवा दक्षिण कॅलिफोर्नियातली गाडी पाहावी. उन्हाने तिचा डॅशबोर्ड तडकलेला असेल, सीट फाटलेली असतील, पण ते परवडतं.

बघायला जाताना टॉर्च, एक सपाट लवचिक चुंबक, मऊ फडकं आणि मळले तरी चालतील असे कपडे घेऊन जा. चुंबक फडक्यात गुंडाळा, म्हणजे रंगावर ओरखडा पडणार नाही. मागच्या चाकाच्या मागे, बंपरकडे जाणाऱ्या पत्र्याच्या खालच्या भागावरून तो हळूहळू फिरवा. चांगल्या पत्र्यावर चुंबक धरून राहतो. मध्येच तो घसरून खाली पडला तर तिथे रंगाखाली पुट्टी आहे. थोडी पुट्टी जवळजवळ प्रत्येक जुन्या गाडीत असते. हातभर लांबीच्या पट्ट्यात चुंबक कुठेच धरत नसेल तर आतला पत्रा गेलेला आहे असं समजा. मग डिकी उघडा. गालिचा उचला, टॉर्च मारून वरच्या बाजूला, मागच्या काचेच्या खालच्या कडेकडे बघा. लमाँ, शेव्हेल, कटलस या सगळ्या एकाच घराण्यातल्या गाड्या, आणि या काचेच्या खाचेत पाणी साचून पत्रा सडणं हा त्यांचा घराण्यातलाच रोग. पाणी तिथून डिकीत उतरतं आणि दोन्ही बाजूंच्या खोलगट कोपऱ्यांत साठतं. त्या कोपऱ्यांत स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. खणखणीत आवाज आला पाहिजे. बद्द आवाज आला किंवा वरून ताजा काळा रंग फासलेला दिसला तर विकणाऱ्याला थेट विचारा, आणि उत्तर देताना तो काय टाळतो याकडे लक्ष द्या. छतावर व्हिनाइल चढवलेलं असेल तर कडेला बोट दाबत जा. खाली फुगीर दाणे लागले की आत गंज धरलेला आहे. शेवटी गाडी उचलून चॅसी बघा, विशेषतः मागच्या ॲक्सलच्या वर वळण घेते तिथे. मस्टँगसारख्या गाड्यांना वेगळी चॅसीच नसते, तिथे खालचे पत्र्याचेच खांब गाडी तोलतात, म्हणून त्यांच्या बाबतीत जास्तच कडक राहा.

इंजिनासाठी एक खबरदारी पुरते. जाण्याआधी फोनवर सांगा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर रेडिएटरच्या वरच्या होजवर हात ठेवा. कोमट लागला तर थंड इंजिन सुरू करताना काहीतरी अडतं आणि ते तुमच्यापासून लपवलं गेलंय. थंड इंजिनावर सेल्फ मारल्यावर येणारा निळा धूर, पहिल्या काही क्षणांतली खटखट, तेलाचा दाब चढायला लागणारा वेळ, हे सगळं तेव्हाच कळतं.

पैशांबद्दल. हॅगर्टी ही इथल्या मिशिगनमधलीच, जुन्या गाड्यांचा विमा उतरवणारी कंपनी. तिच्या किंमतसूचीत गाड्यांच्या स्थितीचे चार दर्जे असतात: एक नंबर म्हणजे जगातल्या सर्वोत्तम गाड्यांपैकी, चार नंबर म्हणजे चालते पण डागडुजी हवी. तुम्हाला हवी ती तीन नंबरची गाडी. रंग दहा फुटांवरून छान, जवळून थोडे पोपडे, सगळं चालतं, कुणी दुसरी गाडी शेजारी लावली तर तुमचा रक्तदाब वाढत नाही. किमतीच्या वर आणखी पंधरा-वीस टक्के पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा, ते लागतातच. विमा नेहमीच्या पॉलिसीत घालू नका. जुन्या गाडीच्या पॉलिसीत तुम्ही आणि कंपनी मिळून आधीच एक किंमत ठरवता आणि गाडी पूर्ण गेली तर तेवढे पैसे मिळतात. ‘मालकाने सांगितलेली किंमत’ अशी शब्दरचना असलेल्या पॉलिसीत ही हमी नसते, म्हणून सही करण्याआधी ती ओळ नीट वाचा. बंद गॅरेज आणि रोजच्या वापराला दुसरी गाडी, या अटी बहुधा असतात.

गाडी घरी आली की बहुतेकांचे हात ताकद वाढवायला शिवशिवतात: नवा कार्बोरेटर, मोठा कॅमशाफ्ट, जाड सायलेन्सर. माझं कळकळीचं सांगणं आहे, पहिल्या वर्षी यातलं काहीही करू नका. पहिला डॉलर ब्रेकवर घाला. माझ्या लमाँसारख्या गाडीला चारही चाकांना साडेनऊ इंचांचे ड्रम आहेत आणि तिचं वजन दीड टनाहून जास्त. हायवेच्या वेगातून एकदा जोरात ब्रेक मारला की ती थांबते. लगेच पुन्हा मारला की ड्रम तापून फुगलेले असतात, पेडल खोल जातं आणि गाडी हव्या त्या ठिकाणी थांबत नाही. डबक्यातून गेल्यावर एका बाजूचा ड्रम ओला राहिला तर गाडी एकीकडे ओढते. पुढे थोडं अंतर ब्रेकवर हलका पाय ठेवून ते वाळवून घ्यावे लागतात. शक्य असेल तर पुढे डिस्क ब्रेक बसवून घ्या, तयार किट मिळतात. आणि १९६६ची किंवा त्याआधीची गाडी असेल तर मास्टर सिलिंडर एकेरी असण्याची दाट शक्यता आहे, म्हणजे कुठेही एक गळती झाली की चारही ब्रेक एकदम गेले. तो दुहेरी करून घेतल्याशिवाय घरच्यांना त्या गाडीत बसवू नका.

मग टायर. खोलवर नक्षी दिसते म्हणून फसू नका, बाजूवरचा चार आकडी कोड वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. सहा-सात वर्षांवरचे टायर बदलून टाका, आणि जुन्या पद्धतीच्या बायस-प्लायऐवजी रेडियल घाला. गाडी सरळ चालायला लागते, सारखं स्टेअरिंग सावरावं लागत नाही. पेट्रोलचे सगळे रबरी पाइप बदला. आजच्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं, ते जुनं रबर खातं आणि गरम इंजिनावर पेट्रोल गळणं म्हणजे आगीला आमंत्रण. एक अग्निशामक सीटखाली कायम ठेवा. पट्टे फक्त कमरेचे असतील तर खांद्यावरून येणारे बसवून घ्या. पुढच्या सीटसाठी ते १९६८पासूनच सक्तीचे झाले.

शिसेविरहित पेट्रोलचा बाऊ मात्र करू नका. रस्त्यावरच्या गाड्यांना शिशाचं पेट्रोल विकणं इथे १९९६पासून पूर्ण बंद आहे, तरी या गाड्या चालताहेत. कधीतरी हेड उतरवलंच तर कडक व्हॉल्व्ह-सीट बसवून घ्या, तोवर सुट्टीच्या दिवशी चालवायला हरकत नाही. तेलाची काळजी अधिक महत्त्वाची. या इंजिनांच्या सपाट टॅपेटना तेलातलं झिंक लागतं आणि आजकालच्या तेलांत ते कमी केलेलं आहे. म्हणून जुन्या इंजिनांसाठी बनवलेलं तेलच घाला.

काही कामं स्वतः शिका. पैसे वाचतात म्हणून नव्हे, तर गाडी कळू लागते म्हणून. त्या वर्षाच्या सर्व्हिस मॅन्युअलची छापील प्रत विकत मिळते, ती आधी घ्या. मला सगळ्यात आवडणारं काम म्हणजे पॉइंट लावणं. पद्मिनीचे पॉइंट ज्यांनी फीलर गेज घालून, इंजिन हाताने फिरवत लावले असतील त्यांना ही सोय बघून हेवाच वाटेल. जनरल मोटर्सच्या त्या काळच्या व्ही-एट इंजिनांत डिस्ट्रिब्युटरच्या टोपीला एक छोटी पत्र्याची खिडकी असते. इंजिन चालू ठेवायचं, खिडकी वर सरकवायची, आत ॲलन की घालायची आणि ड्वेल मीटरवर ३० अंश येईपर्यंत हलकेच फिरवायची. की थोडी फिरली की इंजिनाचा सूर बदलतो, मीटरचा काटा सरकतो, आणि एका विशिष्ट जागी सगळं एकदम गुळगुळीत होतं. खिडकी खाली ओढली की काम झालं. मग टायमिंग लाइट लावून टायमिंग बघायचं, कारण पॉइंट हलले की टायमिंगही हलतं. ज्यांना हे नको असेल त्यांनी पॉइंटच्या जागी बसणारं इलेक्ट्रॉनिक किट घ्यावं. ते टोपीखाली लपतं आणि वर्षानुवर्षं बघावं लागत नाही.

आता चालवण्याकडे येऊ. थंड गाडी सुरू करताना ॲक्सिलरेटर एकदा सावकाश तळापर्यंत दाबा आणि सोडा. त्याने आपोआप चालणारा चोक मिटतो आणि कार्बोरेटर थोड्या जास्त आयडलवर बसतो. मग पाय बाजूला घेऊन सेल्फ मारा. आठवडाभर उभी असेल तर कार्बोरेटरमधलं पेट्रोल उडून गेलेलं असतं, म्हणून इंजिन लगेच पकडलं नाही तर घाई करू नका. पकडलं की सुरुवातीला ते जोरात फिरतं. मिनिटभराने पेडलला हलकी टिचकी द्या, फेरे खाली येतात आणि व्ही-एटचा तो संथ, भरदार ठोका सुरू होतो, जो कानांपेक्षा आधी सीटमधून पाठीला कळतो.

स्टेअरिंग हलकं असतं आणि बरंच फिरवावं लागतं. मधोमध थोडी मोकळी खेळी असते, तिच्याशी भांडायचं नाही. हात सैल ठेवायचे आणि नजर लांब. वळणावर गाडी झुकते, म्हणून वेग वळणाआधीच कमी करायचा आणि बाहेर पडताना हलकेच पेडल द्यायचं. पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवायचं. आरसा बऱ्याच गाड्यांना डावीकडे एकच असतो, त्यामुळे लेन बदलताना मान वळवावीच लागते. हे सगळं ऐकायला कष्टाचं वाटतं, पण आनंद यातूनच येतो. आजची गाडी तुमच्या हातापायांच्या आणि रस्त्याच्या मध्ये शंभर गोष्टी परस्पर करून टाकते. इथे मध्ये कुणी नाही. तुम्ही पाय जितका दाबाल तितकं पेट्रोल, जितकी बुद्धी वापराल तितका ब्रेक. दारातली छोटी तिकोनी काच उलटी फिरवली की वारा थेट छातीवर येतो, गरम तेलाचा आणि जुन्या व्हिनाइलचा वास येतो, आणि ताशी चाळीस मैलांवरसुद्धा आपण गाडी चालवतोय हे क्षणभरही विसरायला होत नाही. चार तोंडांचा क्वाड्राजेट कार्बोरेटर असलेली गाडी मिळाली तर मोकळ्या रस्त्यावर, समोर-मागे कुणी नाही हे पाहून, एकदा पेडल अर्ध्याच्या पुढे न्या. तोवर दोन लहान तोंडांवर शांत चाललेलं इंजिन मागची दोन मोठी तोंडं उघडतं, हवा ओढल्याचा खोल घरघराट बोनेटखालून उठतो आणि लांब नाक किंचित वर येतं. एवढ्यासाठी माणसं आयुष्यभर या गाड्या सांभाळतात, आणि मला ते पूर्ण पटतं.

गॅलनला दहा-बारा मैल मिळतील, म्हणजे लिटरला चार-पाच किलोमीटर. पंपावर वेळ जास्त ठेवा. अनेक गाड्यांत पेट्रोलचं झाकण मागच्या नंबरप्लेटच्या आड असतं, ते बघायलाच लोक थांबतात. पॉन्टिॲक गावच्या कारखान्यात काम केलेले म्हातारे गृहस्थ मला असेच भेटले आहेत. फेंडरवर तळहात ठेवून आपण लाइनवर नेमकं काय बसवायचो ते सांगतात. इथे इतकी वर्षं राहून शेजाऱ्यांशी झाल्या नाहीत इतक्या मनमोकळ्या गप्पा मला या गाडीमुळे मिळाल्या. म्हणून घाईत असाल त्या दिवशी ही गाडी काढूच नका.

आमच्याकडे नोव्हेंबर ते एप्रिल ती गॅरेजातच राहते. टाकी काठोकाठ भरून त्यात स्टॅबिलायझर घाला आणि तो कार्बोरेटरपर्यंत पोचेल इतकी गाडी फिरवा. तेल बदला, बॅटरीला मेंटेनर लावा, सायलेन्सरच्या तोंडात जाळी कोंबा, नाहीतर उंदीर घर करतात. हिवाळ्यात मध्येच पाच मिनिटं सुरू करून बंद करायची सवय वाईट. इंजिन पुरतं तापत नाही आणि तेलात, सायलेन्सरमध्ये पाणी धरतं. बंद गॅरेजात चालू तर कधीच ठेवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. वसंतात दोन-तीन मोठे पाऊस रस्त्यावरचं मीठ धुऊन नेईपर्यंत धीर धरा.

पुण्या-मुंबईतले नातेवाईक विचारतात की अशी गाडी भारतात नेता येईल का. आयातीचे नियम आणि सीमाशुल्क त्या वेळी नीट तपासून घ्यावं लागेल, पण खरी अडचण पुढची आहे. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरील गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, तिला ‘व्हीए’ अक्षरांचा खास नंबर मिळतो. पण ती प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापराला नाही. चालवण्याची हौस असेल तर ती इथेच, या गाड्यांच्या माहेरी भागवावी.

आणि माहेर बघायचं असेल तर ऑगस्टमध्ये वुडवर्ड ॲव्हेन्यूवर या. १९९५ साली फर्नडेलमध्ये मुलांच्या सॉकर मैदानासाठी निधी जमवायला सुरू झालेली वुडवर्ड ड्रीम क्रूझ आता ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी फर्नडेलपासून पॉन्टिॲकपर्यंतचा रस्ता भरून टाकते. शनिवारी मात्र गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात आणि उन्हात जुन्या इंजिनांचं पाणी उकळतं. म्हणून त्याच आठवड्यात मंगळवारी किंवा बुधवारी संध्याकाळी या. रस्ता वाहता असतो, गाड्या खरोखर धावताना दिसतात आणि ऐकूही येतात, आणि मालक मंडळी कडेला खुर्च्या टाकून निवांत बसलेली असतात. त्यांना विचारा, ते बोनेट उघडून दाखवतात. गोड बोललात तर आत बसूही देतात. लमाँमध्ये बसा, मस्टँगमध्ये बसा, तुमचे गुडघे आणि मान कुठे नीट बसतात ते बघा. काही गाड्यांच्या मागच्या काचेत हाताने लिहिलेला ‘विकणे आहे’चा कागद दिसेल. अशा गाडीमागे चालत जाऊन ती सुरू होताना आणि निघताना बघा, चालकाशी बोला, आणि चुंबक खिशात असू द्या.